फोल्डस्कोप: कागदाचा सूक्ष्मदर्शी आणि द्राक्षाच्या पानाची खालची बाजू

आमच्या शाळेत आठवी-नववीसाठी फोल्डस्कोपचा वर्गसंच आला, त्याला आता द्राक्षाचा एक हंगाम उलटून गेला. तालुक्यातले बरेच शिक्षक फोन करून एकच विचारतात, "मॅडम, घ्यावा का?" माझं उत्तर आहे, जरूर घ्या. पण कांद्याचा पापुद्रा दाखवायला म्हणून घेऊ नका. त्यासाठी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शी पुरतो आणि चित्रही त्यात जास्त चांगलं दिसतं. वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या मुलांच्या हातून घडाव्यात असं वाटत असेल, तर मात्र माझ्या माहितीत यासारखं दुसरं साधन नाही.

आधी वस्तूबद्दल. फोल्डस्कोप म्हणजे कागदाची घडी घालून तयार होणारा सूक्ष्मदर्शी. तो बनवला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सायबुल्स्की यांनी. प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला. सुट्या भागांचा खर्च एक डॉलरच्या आत बसतो, तिसऱ्या मजल्यावरून पडला किंवा पायाखाली आला तरी हे यंत्र टिकतं, असं त्यात लिहिलं होतं. विकत मिळणारा संच अर्थातच डॉलरभरात येत नाही. कागदही साधा नाही, पाण्याने न भिजणारा आहे. मधोमध एकच बारीक भिंग. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने सतराव्या शतकात असंच एक भिंग डोळ्याला लावून पाण्यातले जीव पाहिले होते, तेच तत्त्व इथे आहे. वस्तू १४० पट मोठी दिसते आणि साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील कळतो. वनस्पतीच्या पेशी, पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रं), बुरशीचे तंतू, परागकण, साचलेल्या पाण्यातले पॅरामेशियम हे सगळं दिसतं. जिवाणू दाखवीन असं वचन मात्र मुलांना देऊ नका.

जोडणी मुलांकडूनच करून घ्या. कागदाचे भाग सोडवायचे, खुणा बघत घड्या घालायच्या, भिंग बसवायचं. एका तासिकेत बहुतेकांचं होतं. ज्याने यंत्र स्वतः जोडलं, त्याला भिंग कुठे आहे, उजेड कुठून येतो, नमुना कुठे सरकवायचा हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शीपाशी याच्या अगदी उलट होतं. शिक्षक फोकस करून ठेवतो, साठ मुलं रांगेत उभी राहतात, प्रत्येकाला क्षणभर डोळा लावायला मिळतो आणि "दिसलं का?" याला सगळे "हो" म्हणतात. त्यात निरीक्षण होत नाही. निरीक्षणाला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्याच्या हातात यंत्र आहे त्यालाच मिळतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. पायऱ्यांचा तक्ता प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतो: निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, नोंदी, निष्कर्ष. मुलांना तो पाठ असतो, परीक्षेत ती तो बिनचूक लिहितात. पण स्वतःचा प्रश्न हाती असल्याशिवाय त्या पायऱ्या मुलाला कुठेच नेत नाहीत. आमचा भाग तासगावचा, द्राक्षाचा. वर्गातल्या निम्म्याहून जास्त घरांत बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की घरात दुसरा विषय नसतो. दावण्या (पानावरचा एक रोग, यालाच केवडाही म्हणतात) आला का, फवारणी कोणती घ्यायची. त्यामुळे प्रश्न शोधायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही. सोनाका जातीच्या द्राक्षाची बाग असलेल्या घरातला एक मुलगा पान घेऊन आला. वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी लव. त्याने विचारलं, "मॅडम, पांढरं नेहमी खालीच का येतं?"

वर्षानुवर्षं बागेत वावरणाऱ्या माणसांनी ही गोष्ट रोज पाहिलेली असते. तिच्यावर बोट ठेवून "का" विचारणारा मुलगा मला त्या दिवशी भेटला. मी उत्तर दिलं नाही. अंदाज फळ्यावर लिहायला सांगितले. एक गट म्हणाला, पानाला श्वास घ्यायची छिद्रं खाली असतात, त्यातून ते बाहेर येत असणार. दुसऱ्या गटाचं म्हणणं, खाली सावली असते, ओल टिकते, म्हणून तिथे वाढतं. दोन्ही अंदाज चांगले आहेत, कारण दोन्ही तपासता येतात. हे मुलांना समजावण्यात मी बराच वेळ घालवला. तुमचा अंदाज खरा असेल तर काय दिसायला हवं, आणि खोटा असेल तर काय? हे वाक्य प्रत्येक गटाने वहीत पूर्ण करायचं, मगच फोल्डस्कोप हातात.

पहिली तपासणी पर्णरंध्रांची. पानाच्या दोन्ही बाजूंना रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर सेलोटेप दाबून अलगद सोलायची आणि तीच टेप कागदी पट्टीवर चिकटवायची. पट्टी फोल्डस्कोपमध्ये सरकवली की पानाच्या कातडीचा ठसा दिसतो. द्राक्षाच्या पानाच्या वरच्या बाजूच्या ठशात फक्त एकमेकांत अडकलेल्या पेशी दिसल्या. खालच्या बाजूच्या ठशात त्यांच्यामध्ये जागोजागी पर्णरंध्रे होती. मुलांनी पानाच्या वेगवेगळ्या ठिकाणचे ठसे घेतले, कारण एका जागेवरून सगळ्या पानाबद्दल बोलता येत नाही, असं एका मुलीनेच आग्रहाने सांगितलं. मला हा त्या आठवड्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण वाटला. नमुना किती आणि कुठून घ्यायचा हे मी शिकवायच्या आधी तिला स्वतःच्या शंकेतून सुचलं होतं.

पण रंध्रे खाली आहेत एवढ्याने सावलीवाला गट हरत नाही. सावलीही खालीच आहे. इथे मुलं अडकली, आणि इथेच त्यांना प्रयोगाची गरज कळली. बागायतदारांची एक जुनी युक्ती आहे: तेलकट डागाचं पान ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. दावण्या असेल तर सकाळी पांढरी लव फुटलेली दिसते. आम्ही तीच युक्ती थोडी बदलून वापरली. काही पानं नेहमीसारखी ठेवली, काही उलटी, म्हणजे खालची बाजू वर करून. पिशवी तशीच, ओल तेवढीच, खोली तीच, अंधार तोच. काही पानं कोरडीच ठेवली. सकाळी उलट्या पानांवरही लव त्याच बाजूने फुटली होती, फक्त आता ती छताकडे होती. कोरड्या पानांवर काही नव्हतं. सावलीवाल्या गटाने स्वतःच फळ्यापाशी जाऊन आपला अंदाज दुरुस्त केला: ओल लागते हे बरोबर, पण बाजू ओलीने ठरत नाही.

नंतर ती लव सेलोटेपवर हलकेच उचलून पाहिली. बारीक काडीला काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि टोकांना लिंबाच्या आकाराचे कण. हेच कण वाऱ्या-पावसाबरोबर पसरतात, ओल्या पानावर त्यांच्यातून पोहणारे सूक्ष्म जीव सुटतात आणि रंध्राच्या तोंडाशी येऊन आत शिरतात. आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा रस्ता एकच. हे सांगताना मी पुस्तकातली आकृती शेवटी दाखवली. तोवर मुलांच्या वहीत त्यांची स्वतःची आकृती होती.

या कामात फोल्डस्कोप कुठे कमी पडला तेही सांगते. हात स्थिर नसेल तर चित्र हलतं. अंगठ्यांनी कागदाचा भाग हळूच सरकवत फोकस साधावा लागतो आणि काही मुलांना ते जमायला वेळ लागतो. डोळा भिंगाच्या अगदी जवळ न्यावा लागतो, त्यामुळे चष्मा असलेल्या मुलांना चष्मा काढून पाहणं सोपं जातं. दृश्याच्या कडा धूसर असतात, मोजणी मधल्या भागातच करावी. मूल काय पाहतंय ते शिक्षकाला दिसत नाही, ही वर्गात मोठी अडचण आहे. हवेचा बुडबुडा बघून "पेशी सापडली" म्हणणारं मूल तसंच पुढे जाऊ शकतं. चुंबकाने फोन जोडायची सोय आहे, ती अशा वेळी फार उपयोगी पडते. फोटो काढून सगळ्यांसमोर मोजणी करता येते. तरीही मी आधी पेन्सिलीने चित्र काढायला लावते. चित्र काढताना मुलाला ठरवावं लागतं की ही रेषा खरी आहे की टेपची सुरकुती. फोटोत ते ठरवायचं राहून जातं.

एक सक्त सूचना. उजेडासाठी आकाशाकडे किंवा खिडकीकडे बघायचं, सूर्याकडे कधीही नाही. पहिल्या दिवशी आणि त्यानंतरही दर वेळी सांगा.

गोष्ट इथे संपली असती तर मला समाधान वाटलं असतं, पण डिसेंबरच्या थंडीत एक मुलगी वेगळंच पान घेऊन आली. पानाच्या वरच्या बाजूला राखाडी पांढरी पूड. "मॅडम, इथे तर रंध्रे नाहीत. मग हे वर कसं आलं?" वर्ग गडबडला. काहींना वाटलं आपला निष्कर्ष चुकला. फोल्डस्कोपखाली पाहिल्यावर फांद्या नव्हत्या, लिंबाच्या आकाराचे कण नव्हते. लांबट कणांच्या उभ्या सरी होत्या, एकावर एक रचलेल्या. ही भुरी होती, द्राक्षावरचा दुसरा एक रोग. भुरीची बुरशी रंध्रांची वाट बघत नाही, पानाची कातडी थेट भेदून आत शोषक घालते आणि बाकीची पृष्ठभागावरच पसरते. म्हणून ती पानाच्या दोन्ही बाजूंना येते. आधीचा निष्कर्ष चुकला नव्हता, त्याची हद्द कळली होती. भिंतीवरच्या तक्त्यात शेवटच्या पायरीनंतर बाण नाही. मुलांनी त्या दिवशी स्केचपेनने निष्कर्षापासून प्रश्नापर्यंत एक बाण काढला, मी तो तसाच राहू दिला आहे.

याच सुमारास मी त्यांना दावण्यावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणाची हकिकत सांगितली. फ्रान्समधल्या बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे १८८२ साली मेदोक भागातल्या बागांमधून जात होते. अमेरिकेतून आलेल्या दावण्याने वेलींची पानं झडलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या. चौकशी केल्यावर कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण शिंपडलं होतं. मिलार्डे यांनी ते निरीक्षण तिथेच सोडलं नाही, पुढे प्रयोग करून १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. आमची मुलं चमकून एकमेकांकडे बघू लागली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे एक टक्क्याचं बोर्डो त्यांच्या घरी कालवलं जातं. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर येतो का हे त्यांचे वडील बघतात. थर आला तर चुना कमी पडला. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पप्पा पण प्रयोग करतात." हो, करतात. आणि हे मुलांना शाळेत ऐकायला मिळालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

खरेदीबद्दल थोडं. एखाद्या मुलाला भेट द्यायची असेल तर डब्यातला मोठा संच घ्या, त्यात दिवा, चिमटा, ड्रॉपर असं सामान असतं. शाळेसाठी वर्गसंच बरा, कारण हातात यंत्र असणाऱ्या मुलांची संख्या महत्त्वाची. दोन मुलांत एक असला तरी चालतं: एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल. तीन मुलांत एक नको, तिसरं मूल खिडकीबाहेर बघू लागतं. कागदी पट्ट्या लवकर संपतात. जाड कार्डशीटला पंचिंग मशिनने भोक पाडून त्याच मापाच्या पट्ट्या घरी करता येतात. नेलपॉलिश पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी आत घालू देऊ नका, भिंगाला लागलं तर काढणं कठीण जातं. यंत्रांना नंबर द्या आणि ज्याने जोडलं त्याच्याच नावावर वर्षभर ठेवा, म्हणजे जपली जातात.

आणि प्रश्न तुमच्या गावातून घ्या. द्राक्ष नसेल तर ज्वारीच्या पानाचे दोन्ही बाजूंचे ठसे घ्या, रंध्रे दोन्हीकडे सापडतील. जवळच्या तळ्यात कमळ असेल तर त्याचंही पान आणवा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा आणि मगच पानाची वरची बाजू पाहू द्या. तिथे रंध्रे फक्त वर असतात.