वुर्मबर्ग की ब्रोकेन? हार्ट्समधल्या एका दिवसाची निवड

जर्मनीतल्या हार्ट्स डोंगररांगेत चालायला एकच दिवस हाताशी असला, की बहुतेकांची पावले 1,141 मीटर उंचीच्या ब्रोकेनकडे वळतात आणि त्याच्या दक्षिणेचा 971 मीटरचा वुर्मबर्ग मागे पडतो. केवळ उंचीवरून असा निर्णय करणे मला पटत नाही.

वुर्मबर्गची वाट ब्राउनलागे गावातून निघून सुमारे चारशे मीटर चढते. माथ्यालगत 1922 पासून स्की-जंप होता. खेळाडू ज्या मनोऱ्यावरून घसरत सुटत, त्याच मनोऱ्यावर पर्यटकही चढत. जर्मनीच्या फाळणीच्या काळात पश्चिम जर्मनीतले लोक तिथून पलीकडचा पूर्व जर्मनी न्याहाळत, कारण सीमा अगदी जवळून जात होती. 2014 मध्ये मनोरा पाडला गेला. आता तिथे उभे राहिले की तो उतार दिसतो, आणि इतक्या उंचावरून माणसे स्वतःला हवेत झोकून देत असत हे मनाला पटवावे लागते. जवळच ‘चेटकिणींचा जिना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. माथ्यावरचे अवशेष प्राचीन मंदिराचे असल्याचे पूर्वी सांगत, पण पुढच्या उत्खननात ते एकोणिसाव्या शतकातले ठरले. कृत्रिम बर्फासाठी बांधलेले तळे आणि गोंडोला (रोपवे) यांमुळे माथा थोडा बाजारी वाटतो, हे मान्य करावे लागेल.

ब्रोकेनसाठी टोर्फहाउस या ठिकाणाहून निघणारी, जर्मन कवी गोएथेच्या नावाची वाट जाताना सुमारे आठ किलोमीटर भरते, म्हणजे परतीसह पूर्ण दिवस हवा. गोएथे डिसेंबर 1777 मध्ये हा डोंगर चढला होता. वाटेचा काही भाग पूर्व जर्मनीच्या सीमारक्षकांच्या जुन्या गस्तीच्या रस्त्यावरून जातो. तिथल्या काँक्रीटच्या लाद्यांना ओळीने भोके असल्याने नजर सतत पायाखाली ठेवावी लागते. 1961 पासून 3 डिसेंबर 1989 पर्यंत हा माथा सामान्यांना बंद होता. आज वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे थेट वर जाते, त्यामुळे दमूनभागून पोहोचलेल्याला तिथे चांगलीच गर्दी भेटते. वर्षातले सुमारे तीनशे दिवस माथ्यावर धुके असते. मात्र सूर्य पाठीशी आणि धुके समोर असेल, तर आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसते तेच इंद्रवज्र (धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीचे गोल इंद्रधनुष्य) इथेही दिसू शकते. या आविष्काराचे युरोपीय नावच मुळी ब्रोकेनवरून पडले आहे.

आकाश निरभ्र असेल, गुडघे धड असतील आणि सकाळी लवकर निघता येणार असेल, तर ब्रोकेन निवडावा. सोबत लहान मुले किंवा आई-वडील असतील, तर मी निःशंकपणे वुर्मबर्ग सुचवेन, कारण गोंडोलाने वर जाऊन उताराने रमतगमत चालत खाली येता येते. वारा जोराचा असेल, तर दोन्हीकडे सालकिड्यांमुळे वाळलेल्या स्प्रूसच्या झाडांखालून जाणे टाळावे.