जुना ओएलईडी की जुना एलईडी? 2021 चे दोन टीव्ही पारखताना

पुण्यात बाणेर, वाकड, खराडी भागात बदली झाली किंवा फ्लॅट बदलला की चांगले महागडे टीव्ही विकायला निघतात. साधारण एकाच बजेटमध्ये दोन पर्याय समोर येतात: 55 इंची ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो), समजा एलजी सी1, आणि त्याच मापाचा फुल-अ‍ॅरे एलईडी (पडद्याच्या मागे सगळीकडे एलईडी दिवे), समजा सोनी एक्स90जे. दोन्ही 2021 ची मॉडेल्स, पण जुनं होण्याची तऱ्हा वेगळी. ओएलईडीचं वय पडद्यावर उमटतं, त्यामुळे दहा मिनिटांत पकडता येतं. एलईडीचं वय मागच्या लाइटमध्ये आणि पॅनेलच्या कडेच्या जोडणीत दडून राहतं आणि एक दिवस अचानक बाहेर येतं. म्हणजे ओएलईडी पारखून घेता येतो. एलईडीत थोडा जुगार राहतोच, तो भावात वसूल करायचा.

आधी वय. "दोनच वर्षं वापरलाय" हे खरं असलं तरी मॉडेल चार वर्षांचं असू शकतं. एलजीत सी9 म्हणजे 2019, सीएक्स 2020, सी1 2021, सी2 2022. सोनीत मॉडेलचं शेवटचं अक्षर बघा: एच 2020, जे 2021, के 2022, एल 2023. एलजीच्या सीरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे. 108 ने सुरू होत असेल तर ऑगस्ट 2021. मागच्या स्टिकरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळला पाहिजे.

बिलावरच्या रकमेवरून मात्र भाव ठरवू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. करासकट 1,28,000 चा टीव्ही मूळ किंमत तीच धरली तरी 1,18,000 ला येतो. आज तशाच नव्या मॉडेलचा दुकानातला भाव काय, तिथून खाली यायचं.

एलजीत एकूण वापराचे तास सेटिंग्जच्या सपोर्ट विभागात, टीव्ही इन्फर्मेशनमध्ये दिसतात. रोज 6 तास म्हणजे वर्षाला सुमारे 2,200. पण ओएलईडीत तासांपेक्षा काय पाहिलं ते महत्त्वाचं. सिनेमे पाहिलेले 6,000 तास चालतील. न्यूज चॅनेलचे 3,000 नकोत, कारण लोगो आणि खालची पट्टी एकाच जागचे पिक्सेल झिजवते. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का? ओएलईडी साधारण दर 4 तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये स्वतःची छोटी दुरुस्ती करतो. आपल्याकडची वीज वाचवायची चांगली सवय इथे नडते. मेन बटण बंद असेल तर ती दुरुस्ती होतच नाही.

तपासणीला पेन ड्राइव्ह न्या. त्यात 3840×2160 मापाची एकरंगी चित्रं हवीत: लाल, हिरवं, निळं, पिवळं, पांढरं आणि 5 टक्के करडं (तिन्ही रंगांचा आकडा 13). यूट्यूबवरचे टेस्ट व्हिडिओ कॉम्प्रेशनमुळे फसवतात. एनर्जी सेव्हिंग बंद, पिक्चर मोड सिनेमा.

ओएलईडीवर आधी लाल लावा. वरच्या कोपऱ्यात लोगोची सावली किंवा खाली आडवा फिकट पट्टा दिसला तर दहा मिनिटं वेगळं काही चालवून पुन्हा बघा. गेला तर तात्पुरता. राहिला तर कायमचा बर्न-इन, मग व्यवहार तिथेच थांबवा. पडदे ओढून करडं लावा. अगदी पुसट उभ्या रेघा नव्या पॅनेललाही असतात, त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. "कालच पिक्सेल रिफ्रेशर (मेन्यूतून हातानं चालवायची मोठी दुरुस्ती) चालवला" असं कुणी कौतुकानं सांगितलं तर लाल चित्र दुप्पट बारकाईनं बघा.

एलईडीची तपासणी थंड टीव्हीवर सुरू करायची. मागचं कव्हर हाताला गार लागलं पाहिजे, कारण काही उभ्या रेघा चालू करताच दिसतात आणि गरम झाल्यावर गायब होतात. ती पॅनेलच्या जोडणीची कुरबुर, आणि पुढे ती रेघ कायमची होते. मग बॅकलाइट पूर्ण वाढवून पांढरं चित्र लावा. गोल पांढरे ठिपके म्हणजे एलईडीवरची भिंग निखळलेली, जांभळट-निळी छटा म्हणजे एलईडीचा फॉस्फर गेलेला, एखादा भाग काळपट म्हणजे मागची एलईडीची पट्टी मरायला टेकलेली. क्रिकेटच्या हिरवळीवर कॅमेरा सरकताना मळकट पट्टे दिसतात का तेही बघा. हे सगळं किमान 40 मिनिटं. पहिल्या पाचात सगळेच टीव्ही गोड वागतात.

सर्व एचडीएमआय पोर्ट लॅपटॉप लावून तपासा. सी1 मध्ये चारही पोर्टवर 4के 120 (सेकंदाला 120 फ्रेम) चालतं, एक्स90जे मध्ये फक्त 3 आणि 4 वर. गेम खेळणाऱ्याला हा फरक मोठा.

दुरुस्तीत एलईडी पुढे. पॉवर बोर्ड किंवा बॅकलाइटच्या पट्ट्यांसाठी तापकीर गल्लीत चौकशी करता येते, मात्र पट्ट्या बदलताना पॅनेल उचलावं लागतं आणि तिथेच काच जाते. मिनी-एलईडीची (खूप बारीक एलईडी असलेल्या टीव्हीची) मागची बोर्डं इतकी सहज हाती लागत नाहीत. पॅनेल गेलं तर दोन्हीकडे खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा.

घरात दिवसभर बातम्या चालत असतील किंवा हॉलमध्ये ऊन येत असेल तर एक्स90जे. रात्री सिनेमे आणि गेम असतील, लाल चित्र स्वच्छ निघालं असेल, तर सी1. त्यासाठी थोडे जास्त मोजायलाही हरकत नाही.

आणताना टीव्ही उभाच. छोटा हत्तीत आडवा टाकला तर ओएलईडीची पातळ काच पहिल्या स्पीडब्रेकरलाच जाईल. दोरी पडद्यावरून नको, मधे गादी हवी. पावसात आणलात तर तासभर तसाच ठेवून मग प्लग लावा.