फ्लोरेसमधलं एकच गाव बघायचं असेल तर: वाए रेबो की बेना?

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जाणाऱ्यांचे दोन-तीन दिवस शेजारच्या कोमोडो बेटांच्या बोटीवरच जातात. उरलेल्या दिवसांत बेटाच्या आतल्या भागातलं एखादं जुनं गाव बघू म्हटलं, की दोन नावं हमखास समोर येतात: मांगराई भागातलं वाए रेबो आणि न्गाडा भागातलं बेना. फोटोत दोन्हीकडे गवती छपरं, धुकं आणि मागे डोंगर. त्यामुळे कुठलंही एक केलं तरी चालेल असं वाटतं. तसं ते नाही. दोन्ही गावं पाहुण्याकडून अगदी वेगवेगळ्या गोष्टी मागतात, आणि त्या देण्याची तयारी नसेल तर दोन्हीकडे निराशाच पदरी पडते.

आधी वाटेचं बोलू, कारण निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होतो. वाए रेबोसाठी फ्लोरेसच्या पश्चिम टोकाच्या लाबुआन बाजो या बंदरशहरातून डेंगे या पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने पाच-सहा तास धरा. शेवटचा टप्पा समुद्रकाठाने जातो, डिंतोरपाशी समोर मुलेस बेट दिसतं; पण रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा आहे. डेंगेहून थोडं अंतर मोटरसायकलवर काढता येतं. पुढे मात्र जंगलातली चढण, साधारण दोन तासांची. राजगड नेहमी चढणाऱ्याला ती जड जाणार नाही, पण पाऊस झाला असेल तर चिखल आणि जळवा आहेतच. गाव सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे आणि वर गाडी जात नाही. बेनाचं याच्या उलट. बाजावा शहरातून पाऊण तासात गाडी थेट गावाच्या तोंडाशी. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील, तर प्रश्न मिटलाच, बेनाला जा. मात्र लाबुआन बाजोहून बाजावाच लांब आहे: वाटेतल्या रुतेंग शहरापर्यंत चार तास आणि तिथून पुढे आणखी चार-पाच, सगळा वळणांचा रस्ता. गाडी लागणाऱ्यांनी गोळ्या बरोबर ठेवाव्यात.

वाए रेबोत बघायचं काय, तर सात घरं. एवढंच. पण ही घरं, म्हणजे म्बारू नियांग, जमिनीपासून टोकापर्यंत शंकूसारखी, सुमारे 15 मीटर उंच. खिळा न वापरता लाकडं खाचेत बसवून वेताने बांधलेली. आत पाच मजले: खाली माणसं राहतात, त्यावर धान्य आणि सामान, त्यावर बियाणं, त्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेला साठा आणि अगदी वर पूर्वजांसाठी नैवेद्याची जागा. मला यातला चौथा मजला फार मोलाचा वाटतो. वाईट वर्ष येणारच हे धरून घर बांधणारी माणसं आहेत ही. 2008 च्या सुमाराला सातांपैकी चारच घरं उभी होती. वास्तुरचनाकार योरी अंतार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदत उभी केली, पण घरं गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली आणि त्या निमित्ताने तरुण पोरं ही विद्या शिकली. 2012 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान या कामाला मिळाला.

वर पोचल्यावर लगेच कॅमेरा काढायचा नाही. आधी मुख्य घरात जायचं. तिथे गावातले वडीलधारे पूर्वजांना पाहुणे आल्याचं सांगतात, आपण थोडी दक्षिणा ठेवतो, आणि मग गाव आपल्यासाठी खुलं होतं. रात्री पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घरात सगळ्यांची अंथरुणं भिंतीकडेने गोल पडतात. वेगळी खोली मागून मिळत नाही. थंडी चांगलीच असते, मोबाइलला रेंज मिळेल असं गृहीत धरू नका. सकाळी अंगणात चटयांवर कॉफी वाळत घातलेली दिसते, आणि तीच आपल्या पेल्यात येते.

म्हणूनच सांगते, वाए रेबो एका दिवसात उरकू नका. दुपारी पोचून तासाभरात उतरणारे खूप आहेत, आणि त्यांना दिसतात ती फक्त सात छपरं. मुक्काम जमत नसेल तर हे गाव यादीतून काढलेलं बरं.

बेना वेगळ्या जातीचं गाव आहे. इनेरी ज्वालामुखीच्या (2,245 मीटर) पायथ्याशी एका धारेवर समोरासमोर दोन रांगा, चाळीसेक घरं, मधलं अंगण टप्प्याटप्प्याने चढत गेलेलं, आणि त्या अंगणात उभ्या-आडव्या प्रचंड शिळा. नऊ कुळं इथे राहतात. अंगणात छत्रीसारख्या छपराचे कोरीव खांब दिसतात, ते न्गाधू, कुळाच्या मूळ पुरुषाचे. समोर छोटी घरकुलं दिसतात, ती भागा, मूळ स्त्रीची. मांगराईत वंश बापाकडून चालतो. इथे घर आणि कूळ आईकडून मुलीकडे जातं आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. घरांच्या दर्शनी बाजूला म्हशींची शिंगं आणि डुकरांचे जबडे ओळीने टांगलेले असतात. त्या घराने केलेल्या विधींची ती नोंद आहे. काहींना ते बघवणार नाही, आधीच माहीत असलेलं बरं. गावाच्या वरच्या टोकाला मेरीमातेचं छोटं देवस्थान आहे, कारण ही सगळी मंडळी कॅथलिक आहेत. शिळा आणि मेरीमाता दोन्ही एकाच अंगणात सुखाने नांदतात.

यातलं काहीच नुसतं बघून कळत नाही, आणि बेनाची खरी अडचण हीच. वाटाड्याशिवाय गेलात तर वीस मिनिटांत गाव संपतं. बाजावातून न्गाडाचाच वाटाड्या घ्या आणि निदान दोन-तीन तास ठेवा. ओसरीवर बायका मागावर बसलेल्या असतात. कापड घ्यायचं तर त्यांच्याच हातून घ्या. गर्दी नकोशी वाटली तर जवळच लुबा आहे, लहान आणि शांत. गुरुसिना हे त्याच परिसरातलं गाव 2018 च्या ऑगस्टमध्ये आगीत जवळजवळ सगळं जळालं आणि लोकांनी पुन्हा उभं केलं. या गावांत सिगारेट पेटवताना हे लक्षात असू द्या.

आजूबाजूचा मुलूख धरला तर पारडं कुठे झुकतं? मांगराईत रुतेंगजवळ लिआंग बुआ गुहा आहे, जिथे 2003 मध्ये जेमतेम मीटरभर उंचीच्या होमो फ्लोरेसिएन्सिस मानवाची हाडं सापडली. चांचारला कोळी-किड्याच्या जाळ्यासारखी विभागलेली भातशेती आहे. न्गाडात गरम पाण्याचे झरे आहेत, इनेरीची चढाई आहे, आणि पुढे पूर्वेला केलिमुतू ज्वालामुखीवरची तीन रंगांची तळी. परतीचा रस्ता पुन्हा तुडवायचा नसेल तर बेना करून पूर्वेकडच्या एंडे किंवा मौमेरे शहरातून विमान पकडता येतं. ही मोठी सोय आहे.

माझा कौल: चार दिवस हातात असतील आणि चढायची ताकद असेल, तर वाए रेबो, एका मुक्कामासह. आठवडा असेल, सोबत वयस्कर माणसं असतील, किंवा माणसं आपलं नातं-गोतं कसं बांधतात याचं कुतूहल असेल, तर बेना. दोन्हीसाठी मे ते सप्टेंबर बरा. सण गाठायचे असतील तर मात्र पाऊस सोसावा लागतो: वाए रेबोत पेंती नोव्हेंबरात असतो, न्गाडात रेबा डिसेंबरअखेरीपासून पुढे गावोगावी.

शाकाहारींनी एक करावं. वाए रेबोत जेवण सगळ्यांचं एकत्र शिजतं, तेव्हा मांस-अंडं चालत नसेल तर वाटाड्यामार्फत निघण्याच्या आदल्या दिवशीच निरोप द्या. भात, पालेभाजी आणि मिरचीचा तिखट सांबाल मिळतो. सांबालात मात्र सुकी कोलंबी असू शकते, तेही विचारून घ्या. चटणी-लोणच्याची पुडी पिशवीत असलेली कधीही चांगली.