पहिलंच कुत्रं असेल तर शॉक कॉलर नको: मळ्यावर काही महिने वापरल्यानंतर

रिमोटचं बटण दाबलं की कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका देणारी ट्रेनिंग कॉलर दिवाळीच्या आधी घेतली, आता मृगाची वाट बघतोय. मधल्या काळात कपाशी उपटून झाली, थंडी गेली, मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊनही झालं. म्हणजे पावसाळा सोडून सगळ्या हंगामांत वापरून मग लिहितोय. आमच्या मळ्यावर कुत्रं नाही असं वर्ष मला आठवत नाही, पण हे लिहितोय ते पहिल्यांदाच कुत्रं आणलेल्यांसाठी. जाहिरातीत पट्टा घातला की कुत्रं लगेच शहाणं होतं. तुमचं पहिलंच कुत्रं असेल तर ही कॉलर घेऊ नका.

आधी आमची गरज सांगतो. चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कपाशी. भुऱ्या दोन वर्षांचा, आई गावठी, बाप शेफर्डच्या वळणाचा. कपाशी निघाली की रानात बकऱ्या-मेंढ्या चरायला येतात, आम्ही खतासाठी मेंढ्या बसवतोही. भुऱ्या चावत नाही, पण कळपामागे सुसाट पळतो. गाभण बकरी अशी पळाली तर गाभडते, आणि ते नुकसान गरीब माणसाचं. "भाऊ, तुना कुत्राले आवर ना," असं बकऱ्यावाल्या बाबांनी सांगितलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

कॉलरमध्ये तीन गोष्टी असतात: बीप, व्हायब्रेशन आणि विजेचा झटका. झटका १ ते १००पर्यंत कमी-जास्त करता येतो. कुत्र्याला घालण्याआधी मी ती स्वतःच्या मनगटावर धरून बघितली. सुरुवातीच्या आकड्यांना काही कळत नाही, मग मुंग्या येतात, आणि तिसाच्या पुढे हात आपोआप झटकला जातो. मधली पायरी सरळ चढत नाही, एकदम उसळते. शिवाय एका कंपनीचा २० म्हणजे दुसरीचा २० नाही. तेव्हा "कितीवर ठेवू?" याला कोणी फोनवर आकडा सांगत असेल तर तो ऐकू नका.

आकड्याचा खरा घोळ वेगळाच आहे. घरी निवांत बसलेल्या भुऱ्याचा कान ज्या आकड्याला हलायचा, तोच आकडा बकरी दिसल्यावर त्याच्या गावीही नसायचा. अंगात पळण्याची रग चढली की कुत्र्याला बारीकसारीक काही जाणवत नाही. नवखा माणूस इथे काय करतो? घाबरतो, आणि दहावरून थेट साठवर जातो. कुत्रं किंचाळतं, थांबतं, आणि माणसाला वाटतं जमलं. कुत्र्याने त्यातून काय घेतलं हे त्याला कळायचा मार्गच नसतो.

भुऱ्याचं सांगतो. दोर माझ्या हातात असताना, अगदी कमी आकड्यावर, मी झटका मोजक्याच वेळा वापरला. तो थांबला. पण नंतर कितीतरी दिवस विहिरीकडच्या ज्या बांधावर झटका बसला, तिथे तो पाय ठेवेना. वैरण आणायला सालदार तिकडून निघाला की भुऱ्या लांबचा वळसा घालून जायचा, मान खाली, शेपूट पोटाशी. बकऱ्यांचा आणि झटक्याचा संबंध त्याने लावलाच नव्हता, त्याने तो जागेशी लावला. बकरी दुसऱ्या शेतात दिसली की पुन्हा तेच पळणं.

जळगावला ताईकडे याहून वाईट झालं. भाच्याने लॅब्रॉडॉरचं पिल्लू आणलं, सहा-सात महिन्यांचं, येईल त्याच्या अंगावर उड्या मारणारं, प्रेमळ. उड्या थांबाव्यात म्हणून त्याने अशीच कॉलर घातली. शेजारची चिमुरडी दारात आली, पिल्लू तिच्याकडे झेपावलं आणि याने बटण दाबलं. असं काही वेळा झालं. आता ती पोरगी आली की ते कुत्रं पलंगाखाली शिरतं आणि आतून गुरगुरतं. "मामा, हे आधी कधीच गुरगुरलं नव्हतं," तो मला म्हणाला. कुत्र्याच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे: ही मुलगी दिसते आणि मानेला दुखतं. घरात लहान मुलं असतील तर एवढी एक गोष्ट वाचून तरी थांबा.

क्षण चुकला की काय होतं यावर जर्मनीत हॅनोव्हरला अभ्यास झालाय, २००७ साली छापून आलेला. १४ बीगल कुत्री होती. एका गटाला नकली सावजाला तोंड लावताक्षणीच झटका दिला. दुसऱ्याला, हाक मारूनही आली नाहीत म्हणून. तिसऱ्याला कधीही, कशाशीही संबंध नसताना. तिसऱ्या गटात ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, सगळ्यात जास्त वाढलं, आणि हाकेवाल्या गटातही बरंच वाढलं. पहिल्या गटात तसं झालं नाही. म्हणजे सगळं अवलंबून आहे ते अंगठा नेमका कधी पडतो यावर. आपल्यातले बहुतेकजण कॉलर घेतात ती हाकेला येत नाही म्हणूनच, म्हणजे दुसऱ्या गटासारखी. आणि नवखा माणूस गोंधळला की त्याचा हात तिसऱ्या गटासारखा चालतो. कुत्र्याचे कान, पाठीवरचे केस, पळण्याआधी स्थिर होणारी नजर हे वाचता यायला लागतं तेव्हा कुठे अंगठा वेळेवर पडतो. आणि ते वाचता येऊ लागलं की कॉलरची गरजच फारशी उरत नाही.

आता वस्तू म्हणून. खोक्यावर लिहिलेली रेंज उघड्या मैदानातली असते. केळीच्या बागेत ती पार कोसळते, कारण खोडं आणि पानं पाण्याने भरलेली, रेडिओ लहरी त्यातच जिरतात. चार-पाच ओळी आत गेला की बीपही पोचत नाही. मानेला टेकणारे दोन स्टीलचे काटे कातडीला घट्ट भिडावे लागतात, नाहीतर एकदा लागतं, एकदा लागत नाही. घट्ट बांधून एकाच जागी ठेवलं तर तिथे जखम होते. ही जखम विजेने नाही, दाबाने होते. म्हणून दर दोन-एक तासांनी पट्टा सरकवावा लागतो आणि रात्री काढावाच लागतो. ड्रिपच्या ओल्यात लोळून आलेल्या कुत्र्याला तोच आकडा वेगळा लागतो, हेही ध्यानात ठेवा. बॅटरी, चार्जिंग, पट्ट्याचं रबर याबद्दल तक्रार नाही.

भुंकणं थांबवणारी, आपोआप झटका देणारी कॉलरही मिळते. ती तर आपल्याकडे अजिबात नको. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याचा वावर आहे. मळ्यावरचं कुत्रं रात्री भुंकतं म्हणून माणूस सावध होतो. शहरातलं कुत्रं दिवसभर भुंकत असेल तर आधी ते किती तास साखळीला असतं ते बघा.

भुऱ्याला काय लागू पडलं? दहा मीटरचा सुती दोर, गळ्याऐवजी छातीचा पट्टा, साधी शिट्टी आणि उकडलेली कलेजी. भाकरीच्या तुकड्यासाठी कुत्रं बकरी सोडत नाही, कलेजीसाठी सोडतं. आधी अंगणात शिट्टी वाजली की कलेजी, मग बांधावर, मग कळप लांब दिसत असताना, मग थोडा जवळ. दोर जमिनीवर लोळता ठेवायचा, पळालाच तर पाय देऊन थांबवायचा. बाबांनी आपल्या बकऱ्या रोज संध्याकाळी मुद्दाम आमच्या शेताच्या कडेने नेल्या, त्यांच्या मदतीशिवाय हे झालं नसतं. आता भुऱ्या कळप बघतो, कान टवकारतो आणि शिट्टीला वळतो. मी कॉलरच्या बीपलाही कलेजी जोडली होती, त्यालाही तो येतो. पण बीप केळीत पोचत नाही आणि शिट्टी पोचते.

इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२०चा अभ्यास याच्याशी जुळतो. बोलावल्यावर न येणारी ६३ कुत्री, तीन गट. कॉलरचा गट त्यातल्या मुरलेल्या प्रशिक्षकांच्या हाती होता. तरी बक्षीस देऊन शिकवलेली कुत्री पहिल्या हाकेला जास्त वेळा आली. मुरलेल्या हातांनीही कॉलर सरस ठरत नसेल तर नवख्याच्या हाती ती कशाला द्यायची? वेल्समध्ये २०१०पासून या कॉलरवर बंदी आहे. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. तेव्हा जनावराची काळजी कायद्यावर सोडून चालणार नाही.

आणखी एक. उन्हाळ्यात कॉलरची परीक्षा घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी आठनंतर कुठलंच कुत्रं पळत नाही, धापा टाकत सावली शोधतं. लोकांना वाटतं सुधारलं. पहिला पाऊस पडला की खरं काय ते दिसतं.

कॉलर आधीच घेऊन ठेवली असेल आणि परत करायची मुदत गेली असेल, तर बहुतेक मॉडेलचे काटे फिरवून काढता येतात, ते काढा. झटक्याचं बटणही बंद करता येत असेल तर करा. नुसत्या बीपला कलेजी जोडा. भाच्यालाही मी तेच करायला लावलंय. आणि ती पोरगी आता दारातूनच, आत न येता, लॅब्रॉडॉरकडे चिकनचा तुकडा टाकते. तिने जवळ जायची घाई करायची नाही, कुत्रं स्वतः पलंगाखालून बाहेर येईपर्यंत थांबायचं, असं मी दोघांनाही बजावलंय.