वाटणीचा दावा : निकालापर्यंत लढावा की लोकअदालतीत मिटवावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वडिलोपार्जित जमिनीवरून घरोघरी हाच पेच आहे. वाटणीचा दावा सीनियर कोर्टात निकाल लागेपर्यंत चालवायचा, की तो चालू असतानाच लोकअदालतीत तडजोड करायची? आमच्या घरात दोन्ही झाले. काही वर्षे लढलो, मग मिटवले.

सीनियर कोर्टाला, म्हणजे वरिष्ठ दिवाणी न्यायालयाला, कमी लेखू नका. तिथे दाव्याच्या रकमेला वरची मर्यादा नाही, त्यामुळे रस्त्यालगतच्या महाग जमिनीचे दावे तिथेच जातात. पण त्याच न्यायाधीशांपुढे खालच्या दिवाणी कोर्टाची अपिले असतात, मोटार अपघाताच्या भरपाईचे अर्ज असतात. आपला दावा त्या रांगेत उभा राहतो. आधी प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा पहिला निकाल, होतो. त्यात कुणाचा किती हिस्सा एवढेच ठरते. मग अंतिम हुकूमनाम्याचे काम, आणि शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड महसूल खात्याकडून. त्यावर अपील झाले की उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंतची वाट मोकळीच.

तरीही मी लढत राहिलो असतो. माझा धीर सुटला तो कागदांपायी. १९५६ पूर्वी आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे आजोबांच्या वेळचे कागद मराठीत, दोन तर मोडीत. कोर्टाचे काम कन्नडमध्ये. मोडी वाचणारा शोधा, मग मराठीवरून कन्नड भाषांतर करून घ्या. एका कागदात शेत धाकट्या भावाला ‘वहिवाटीस’, म्हणजे नुसते कसायला, दिल्याचे होते. भाषांतरात ते ‘मालकीने’ असे उतरले. समोरच्यांनी तोच शब्द धरून ठेवला. हरकत, नवे भाषांतर, त्यावर पुन्हा हरकत. एका शब्दापायी किती तारखा गेल्या, ते आठवले की अजून जीव तुटतो.

तडजोडीत कागद शाबीत करायची गरजच पडली नाही. हिस्से सगळ्यांनी मान्य केले, नकाशावर खुणा केल्या, सह्या झाल्या. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचेच बळ असते, त्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायशुल्कही परत मिळते.

अर्थात प्रत्येकाला हे जमेलच असे नाही. कुणी परस्पर जमीन विकायला काढली असेल तर आधी मनाई हुकूम लागतो, तो कोर्टच देणार. एक हिस्सेदार अडून बसला तरी लोकअदालत काही करू शकत नाही. मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, म्हणून कोल्हापूर-सांगलीकडे दिलेल्या बहिणींनाही बोलावून घ्या. ज्यांची सही नाही, त्यांच्यावर तो निवाडा बंधनकारक नाही. पण घरात अजून बोलणे चालू असेल, तर मी तरी दावा दाखल करून तडजोडीकडेच वळा म्हणेन.

तडजोडीचा मजकूर बहुधा कन्नडमध्ये असतो, तेव्हा सही करण्याआधी तो वकिलांकडून मराठीत ओळीओळीने ऐका. दाव्यात नसलेली जमीन त्यात घातली तर नोंदणीचा प्रश्न येतो, तेही विचारा. आमच्या मजकुरात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या राहून गेल्या होत्या. वाचून दाखवताना ते थोरल्या काकूंच्या ध्यानात आले, आणि सह्या थांबवून ती ओळ घालून घेतली.