होनोलुलूची कॉन्फरन्स आणि मोकळा एक दिवस: फ्लाय रॉड न्यावा की स्पिनिंग?

चिप डिझाइनमधल्या लोकांना होनोलुलू परकं नाही. व्हीएलएसआय सिम्पोझियम सम वर्षी जूनमध्ये तिथे भरतं आणि विषम वर्षी क्योटोला जातं. मशीन लर्निंगवाल्यांची आयसीएमएल २०२३ मध्ये तिथेच झाली. सिस्टिम सायन्सेसची जानेवारीतली परिषद तर वर्षानुवर्षं हवाईतच असते. बे एरिया, ऑस्टिन किंवा पुण्याहून निघालेले मासेमारीचे शौकीन मग विचारतात, की बॅगेत फ्लाय रॉड (पिसांचं हलकं नकली आमिष फेकायची काठी) टाकू की स्पिनिंगची (वजनदार आमिष बारीक दोऱ्याने फेकायची)? गाईड घेऊ की एकटाच पाण्यात उतरू?

माझं उत्तर घड्याळापासून सुरू होतं. बजेट, अनुभव, सामानाचं वजन हे सगळं नंतर. तुमच्या वेळापत्रकात सकाळी नऊ ते दुपारी तीन असा एक सलग मोकळा दिवस निघतो का? निघत असेल तर फ्लाय न्या. फक्त पहाट हाती लागणार असेल तर स्पिनिंग न्या, आणि मनात किंतु ठेवू नका.

उजेडाचं गणित

होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूभोवतीच्या गुडघाभर पाण्यात फ्लायवाले ज्याच्या मागे असतात तो मासा म्हणजे बोनफिश, स्थानिक नाव ओइओ. त्याचं अंग चांदीसारखं चकचकीत असतं, त्यात तळाचाच रंग उमटतो, त्यामुळे मासा समोरून गेला तरी आधी दिसते ती त्याची सावली. ही मासेमारी बघून करायची असते: मासा हेरायचा, तो कुठल्या दिशेने चालला आहे ते ओळखायचं, त्याच्या वाटेत दोन-तीन हात पुढे फ्लाय उतरवायची. त्यासाठी सूर्य वर हवा आणि तुमच्या पाठीशी हवा. सकाळी सातला पाण्यावर नुसती चकाकी असते, पोलराइज्ड चष्मा लावूनही तळ नीट दिसत नाही. नऊच्या पुढे पाणी उघडतं आणि तीननंतर पुन्हा मिटतं. कॉन्फरन्सची सत्रंही नेमकी याच वेळात असतात.

संध्याकाळचं वेगळंच. होनोलुलूत साडेपाच वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ झालेले असतात. ज्यांची टीम भारतात आहे त्यांची संध्याकाळ कॉलमध्ये जाते, हे धरूनच चला. पहाट मात्र खरोखर तुमची असते, विशेषतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्यांची. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया हवाईच्या तीन तास पुढे असतं, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटे चारला आपोआप जाग येते. जूनमध्ये सहाच्या आधी सूर्य उगवतो, नऊच्या पहिल्या सत्राआधी दोन तास सहज मिळतात. जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढे जातो, तेव्हा ही सोयही आक्रसते.

फ्लाय: काय मिळतं, काय मोजावं लागतं

फ्लाय म्हणजे पिसं, केस, धागा यांनी गळावर बांधलेलं नकली आमिष. हवाईत ते बहुतेक वेळा मँटिस श्रिंप या, बिळात राहणाऱ्या कोळंबीसारख्या जिवाची नक्कल असतं; तपकिरी किंवा नारिंगी, इतर बेटांवर वापरतात त्यापेक्षा थोडं मोठं. त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, म्हणून जाड दोरीच्या वजनावर ते फेकावं लागतं. स्पिनिंगमध्ये वजन आमिषाला असतं आणि दोरा बारीक असतो. एवढा फरक समजला की पुढचं सगळं उलगडतं, कारण जाड दोरी वाऱ्यात अडते आणि ओआहूवर वारा बहुतेक दिवस असतोच. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे उन्हाळ्यात तर दिवसेंदिवस थांबत नाहीत.

कॅरिबियनमधली चित्रफीत पाहून हवाईत जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिकडे पांढऱ्या वाळूवर दोन-तीन पौंडी बोनफिशचे थवे फिरतात. ओआहूवर तळ तुटक्या प्रवाळाचा, तपकिरी-हिरव्या ठिपक्यांचा असतो. मासे एकेकटे किंवा जोडीने येतात, पण पाच-सहा पौंडांचा मासा ही तिथे रोजची गोष्ट, आणि आठ पौंडांच्या माशाचंही कुणाला नवल वाटत नाही. हवाईतला विक्रमी ओइओ १८ पौंड २ औंसांचा आहे, कौआई बेटावर १९५४ मध्ये पकडलेला. तेव्हा दिवसभरात मोजक्या संधी आणि प्रत्येक संधी मोठी, असा हा सौदा आहे. दिवस कोरडा जाऊ शकतो. ज्याला चार तासांत चार मासे हवेत त्याने फ्लायच्या वाटेला जाऊ नये.

पण जे मिळतं ते दुसऱ्या कशात नाही. डोकं खाली घालून तळ उकरणाऱ्या ओइओची शेपटी पाण्याबाहेर लवलवताना दिसते, तेव्हा बरोबर आणलेली सगळी कामं डोक्यातून जातात. फ्लाय पडते, तुम्ही दोरी हलकेच ओढता, मासा वळतो, आणि मग तो पळ. पहिल्याच धावेत रिळावरची सगळी फ्लाय लाइन निघून जाते आणि मागचा बारीक बॅकिंग धागा सुरू होतो. म्हणून किमान २०० यार्ड बॅकिंग हवंच. मला मासेमारीत याहून मोठा आनंद माहीत नाही.

यासाठी काय यायला हवं? वाऱ्यात चाळीस फूट, बऱ्यापैकी नेमकं, आणि तेही दोन-तीन खोट्या फेकींत (म्हणजे दोरी पाण्यात न टाकता हवेतच पुढेमागे झुलवून). माशाने आमिष घेतलं की काठी वर उचलायची नाही, डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची. नदीतल्या ट्राउटची सवय असलेल्यांचा हात इथेच चुकतो. हे आधी घराजवळच्या मैदानावर गवतात महिनाभर घोटा. फेकायला शिकण्यासाठी होनोलुलूचा महागडा दिवस खर्च करणं मला पटत नाही.

सामान: ८ किंवा ९ नंबरची, नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटी होणारी काठी, उष्ण कटिबंधासाठीची तरंगती दोरी, पुढे १६ पौंडी फ्लुरोकार्बन. प्रवाळावर घासून दोरा तुटतो, म्हणून याहून बारीक नको. काठी नळीत घालून बहुधा केबिनमध्ये नेता येते, मोठे गळ मात्र चेक-इनमध्येच टाका.

स्पिनिंग: पहाटेचा सोबती

सात फुटी प्रवासी काठी, १० ते १५ पौंडी वेणीदोरा, मूठभर जिग (शिशाच्या डोक्याचे गळ) आणि धातूची छोटी आमिषं. एवढ्यावर पहाटेचे दोन तास सोन्याचे होतात. तुमच्या गळाला लागेल तो बहुधा पापिओ, म्हणजे आपल्याकडच्या कोकरच्या कुळातला ट्रेव्हली. तो दहा पौंडांच्या वर गेला की स्थानिक लोक त्याला उलुआ म्हणतात. निळ्या छटेचा ओमिलु हा त्यातला सगळ्यात देखणा. हे मासे पहाटेच्या मंद उजेडात किनाऱ्याजवळ शिकार करतात, त्यामुळे तुमची वेळ आणि त्यांची वेळ जुळते. पाणी दिसलं नाही तरी अडत नाही.

मधला एक मार्गही आहे, आणि तो हवाईचा स्वतःचा आहे. स्पिनिंगच्या दोऱ्याला पाणी भरता येणारा प्लास्टिकचा पोकळ फ्लोट लावायचा, त्याच्यामागे चार-पाच फुटांवर छोटी फ्लाय किंवा ग्रब, म्हणजे अळीसारखं मऊ आमिष. वजन फ्लोटचं, नक्षी फ्लायची. तिथले लोक याला व्हिपिंग म्हणतात आणि पापिओसाठी वर्षानुवर्षं वापरतात. फ्लाय कास्टिंग येत नसेल पण फ्लायवर मासा घ्यायची हौस असेल, तर हाच रस्ता धरा. कोकणात लहानपणी गरवायला बसलेल्याला हे अर्ध्या तासात जमतं.

गाईड की एकट्याने?

गाईडचा दिवस म्हणजे शेकडो डॉलर आणि वर १५ ते २० टक्के टिप. तरी फ्लायचा एकच दिवस असेल तर मी गाईडच्या बाजूने आहे. कारण पैशात विकत मिळते ती नजर. तपकिरी तळावरची सावली ओळखायला बरेच दिवस लागतात. गाईड ती तुमच्या वतीने बघतो आणि ‘अकरा वाजता, पन्नास फूट’ अशी घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत दिशा सांगतो. दुसरं म्हणजे बोट. चांगले फ्लॅट, म्हणजे उथळ पाण्याचे सपाट पट्टे, किनाऱ्यापासून तुटलेले आहेत. कानेओहे बे हा पूर्व बाजूचा मोठा, आडोशाचा उपसागर. एकीकडे उभे हिरवे डोंगर, दुसरीकडे लाटा फोडणारी प्रवाळाची भिंत, मध्ये वाळूचे उथळ पट्टे. मात्र तिथे रविवारी व्यावसायिक बोटींना मनाई असते, त्यामुळे कॉन्फरन्स संपून रविवारच तेवढा उरत असेल तर हा पर्याय बाद धरा. शनिवारी वाळूच्या दांड्यावर सहलीच्या बोटींची गर्दी असते. कामाच्या दिवशी सुट्टी काढता आली तर कानेओहेइतकं सुंदर दुसरं काही नाही. मोकु ओ लोए या छोट्या बेटाभोवती विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेचं राखीव क्षेत्र आहे, तिथे गळ टाकायचा नाही.

दुसरी जागा केएही लगून, विमानतळ आणि बंदर यांच्या मधोमध. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी इथला प्रवाळ खणून लांब चर काढले होते. त्या खोल चरांतून मासे भरतीबरोबर उथळावर चढतात. डोक्यावरून विमानं जात राहतात, पण माशांना त्याची सवय आहे. हॉटेलपासून अंतर कमी असल्याने अर्ध्या दिवसाचा गाईड घ्यायचा तर ही जागा सोयीची.

एकट्याने जायचं तर माउनालुआ बे, होनोलुलूच्या वायकिकी या किनाऱ्याच्या पूर्वेला. कावाइकुईसारख्या सार्वजनिक बागेतून थेट पाण्यात उतरता येतं, बसही जाते, आणि समोर बऱ्याच अंतरापर्यंत उथळ पाणी पसरलेलं आहे. इथला पहिला दिवस बघण्यातच जाईल असं धरा. मुक्कामात दोन मोकळे दिवस असतील तर पहिल्या दिवशी गाईडबरोबर अर्धा दिवस घालवा, डोळे तयार करा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माउनालुआला जा. माझ्या मते पैशांचा याहून चांगला उपयोग नाही.

स्पिनिंगसाठी गाईड लागतच नाही. कन्व्हेन्शन सेंटरपासून आला मोआनाची समुद्रकाठची बाग चालत जाण्याजोगी आहे. सकाळी सहा ते आठ या वेळात गळ टाका, परत येऊन आंघोळ करा, नऊच्या सत्राला बसा.

भरती, नियम आणि काळजी

मुंबईचं उधाण पाहिलेल्या माणसाला होनोलुलूची भरती चढलीय की नाही तेच कळत नाही. सगळा फरक दोनेक फुटांचा. पण जिथे पाणीच दीड फूट आहे तिथे सहा इंचांनी मासे येतात नि जातात. फ्लायसाठी दुपारपर्यंत चढत जाणारी भरती मिळेल असा दिवस निवडा. गाईडची तारीख ठरवण्याआधी भरतीचं कोष्टक बघा, निव्वळ कॉन्फरन्सचा कार्यक्रम बघून ठरवू नका.

ओइओ ठेवायचा तर नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान १४ इंच हवा, पापिओ १० इंच. फ्लायवाले ओइओ सोडून देतात, आणि मीही तेच सांगेन. तिथले लोक मात्र त्याचं मांस खरवडून आवडीने खातात, त्यांच्याकडे नाक मुरडू नये. मोई हा आपल्या रावसाच्या कुळातला चविष्ट मासा जून ते ऑगस्ट बंद असतो, गळाला लागला तर तत्काळ सोडा. हानाउमा बे मासेमारीला पूर्ण बंद आहे. वायकिकीच्या किनाऱ्याचा एक तुकडा कायमचा राखीव आहे, तर त्याला लागून डायमंड हेड डोंगराकडे जाणारा पट्टा फक्त सम वर्षी खुला असतो. म्हणजे सिम्पोझियमच्या वर्षी तोही वापरता येईल. राज्याबाहेरच्या पाहुण्यांसाठी मासेमारी परवान्याचा कायदा २०२१ मध्ये झाला आहे, म्हणून निघण्याआधी राज्याच्या जलचर संपदा विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचा.

पायात जाड तळव्याचे बूट हवेत, कारण तळावर समुद्री साळिंदराचे काटे आणि धारदार प्रवाळ असतात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, वाळू आणि चुऱ्यावरून चाला. पौर्णिमेनंतर साधारण ८ ते १० दिवसांनी दक्षिण किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिश येतात. त्या दिवसांत पाण्यात उतरायचंच तर लांब पँट घाला. सनस्क्रीन तिथेच घ्या, कारण प्रवाळाला घातक ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम विकायला हवाईत २०२१ पासून बंदी आहे. कुणी आधीपासून गळ टाकून उभा असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, लांबून वळसा घाला आणि हात हलवा. बऱ्याचदा तोच माणूस पुढे बोलावून मासे कुठे आहेत ते सांगतो.

बायको-मुलं बरोबर असतील तर मी बिनदिक्कत स्पिनिंग म्हणेन. आला मोआनाच्या शांत पाण्यात मुलं पोहतात आणि तुम्ही बाजूच्या खडकावरून फ्लोट फेकता, कुणाचाच दिवस वाया जात नाही. एकटे जात असाल, फेक तयार असेल आणि मंगळवार किंवा बुधवारी एक दिवस मोकळा काढता येत असेल, तर कानेओहेची बोट ठरवा आणि सत्राचं रेकॉर्डिंग नंतर बघा. दोन्ही काठ्या न्यायच्या असतील तरी चालतं, दोन्ही सुट्या करून एका नळीत मावतात. परतीच्या आदल्या रात्री मात्र रीळ, काठीच्या कड्या आणि बूट हॉटेलच्या शॉवरखाली गोड्या पाण्याने धुवून पंख्याखाली वाळवा. मीठ तसंच बॅगेत गेलं तर रिळाचा ब्रेक पुढच्या वर्षीपर्यंत टिकत नाही.