गोल्फच्या ड्रायव्हरचा वेग वाढवणाऱ्या तीन काठ्या: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, आणि तो फिरवण्याचा वेग या काठ्यांनी वाढतो, पण त्यांच्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच काम वेग मोजणारं रडार करतं. दोन्हींपैकी एकाच वस्तूला पैसे काढता येत असतील तर रडार घ्या आणि काठीच्या जागी ड्रायव्हर उलटा धरून फिरवा. रडारशिवाय काठ्या म्हणजे नुसता व्यायाम. घाम येतो, वेग वाढल्यासारखा वाटतो, पण वाढला की नाही ते कळायला मार्ग नसतो.

आकडे मागितले जाणारच. सुरुवातीला ड्रायव्हरचा वेग ताशी ९३ मैलांच्या आसपास होता, आता ९८-९९ वर टिकून आहे. त्यातले तीनेक मैल पहिल्या सहा-सात आठवड्यांतच आले. उरलेल्या दोन-तीन मैलांनी बाकीचा सगळा काळ खाल्ला. हा आलेख बहुतेकांचा असाच येतो, त्यामुळे दुसऱ्या महिन्यानंतर आकडा हलेना म्हणून संच कपाटात टाकू नका.

संचात तीन काठ्या असतात. दिसायला ड्रायव्हरच्या शाफ्टसारख्या (दांड्यासारख्या), लांबीही जवळपास तेवढीच, फक्त टोकाला डोक्याऐवजी छोटं वजन. या पद्धतीतल्या सर्वांत परिचित संचाची मांडणी अशी आहे: पहिली काठी ड्रायव्हरपेक्षा सुमारे २० टक्के हलकी, दुसरी १० टक्के हलकी आणि तिसरी ५ टक्के जड. ड्रायव्हरचं एकूण वजन ३१० ग्रॅम धरलं तर सर्वांत हलकी अडीचशे ग्रॅमच्या आसपास येते आणि जड काठी सव्वातीनशेच्या. म्हणजे फरक हातात घेतल्यावर फार जाणवत नाही, फिरवल्यावर जाणवतो.

यामागचा विचार धावपटूंकडून आलेला आहे. उतारावरून धावताना पाय नेहमीपेक्षा जलद पडतात आणि ती गती शरीराच्या ओळखीची होते, तसंच हलक्या काठीने हात आणि कंबर नेहमीपेक्षा जलद फिरवायची सवय लागते, असा दावा. तो पूर्ण खोटा नाही, पण पूर्ण खराही वाटत नाही. बहुतेक हौशी खेळाडू आयुष्यात एकदाही पूर्ण ताकदीने, चेंडूची फिकीर न करता स्विंग करत नाहीत. काठीला चेंडू नसतो, त्यामुळे ती भीती गळते, आणि वाढीतला मोठा वाटा तिथूनच येतो असं माझं मत आहे. उलट्या ड्रायव्हरनेही हा भाग साधतो: डोक्याजवळ शाफ्ट धरायचा, ग्रिपचं (मुठीचं) टोक जमिनीकडे, आणि ‘सुंऽऽ’ असा आवाज चेंडूच्या जागेपाशी किंवा तिच्या किंचित पुढे यायला हवा. आवाज उजव्या पायापाशीच संपत असेल तर वेग फार लवकर खर्च होतोय. (इथून पुढे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने, डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.)

आता रडार. खिशात मावणारं साधं डॉप्लर यंत्र पुरतं, ट्रॅकमन या लाखांच्या मोजणी यंत्राची गरज नाही. मात्र त्याचे आकडे कसे वाचायचे ते समजून घ्या. ड्रायव्हरच्या फिरणाऱ्या डोक्याचा टोकाकडील भाग हीलपेक्षा, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूपेक्षा, जलद जातो. स्वस्त रडार अनेकदा तो सर्वांत जलद भाग पकडतं, त्यामुळे आकडा महागड्या यंत्रापेक्षा चढा दिसू शकतो. रडार वीतभर इकडे-तिकडे सरकलं तरी आकडा बदलतो. म्हणून चेंडूच्या मागे, लक्ष्याच्या रेषेत, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर ते ठेवा, आणि जमिनीवर खडूने खूण करून दर वेळी त्याच खुणेवर ठेवा. मधेच एखादा आकडा आठ-दहा मैलांनी उडी मारून आला तर तो खोडून टाका, मित्रांना पाठवू नका. आणि काठीच्या आकड्याची ड्रायव्हरच्या आकड्याशी तुलना करू नका. काठी हलकी तर असतेच, शिवाय ड्रायव्हरचं ४६० सीसी आकारमानाचं डोकं हवा कापताना जो विरोध सोसतं, तो तिला नसतो. हलक्या काठीची तुलना गेल्या आठवड्यातल्या हलक्या काठीशीच करायची.

एका सत्राला वॉर्म-अप धरून अर्धा तास लागतो. आधी आठ-दहा मिनिटं अंग गरम करा: खांदे, नितंबांचे सांधे, पाठीचा वरचा भाग वळवणं, थोड्या उड्या, आणि मग अर्ध्या जोराचे काही स्विंग. थंड अंगाने पहिलाच स्विंग पूर्ण जोरात मारणं हा दुखापतीचा सर्वांत सोपा रस्ता आहे. मग प्रत्येक काठीचे नेहमीच्या हाताने पाच आणि उलट्या हाताने तीन स्विंग: आधी हलकी, मग मधली, मग जड. दोन स्विंगमध्ये वीस-तीस सेकंद, काठी बदलताना दोन मिनिटं. हे थांबणंच लोक टाळतात. धापा टाकत सलग चाळीस स्विंग मारले की त्याचा दमछाकीचा व्यायाम होतो आणि शरीर मंद स्विंगच शिकतं. प्रत्येक स्विंग कमाल जोराचा हवा आणि प्रत्येक आकडा वहीत उतरायला हवा. त्या दिवसाच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा चार-पाच मैल कमी असे सलग तीन आले की काठी खाली ठेवा, राहिलेले स्विंग राहू द्या. आठवड्याला तीन सत्रं, मधे किमान एक दिवस मोकळा. रोज केलं तर तिसऱ्या आठवड्यात आकडे खाली यायला लागतात आणि कोपर बोलायला लागतं.

उलट्या हाताचे स्विंग सुरुवातीला हास्यास्पद दिसतात. तरी सोडू नका, कारण एकाच बाजूला सतत वळणाऱ्या पाठीला तेवढाच उतारा मिळतो. फक्त पहिल्या आठवड्यात ते ऐंशी टक्के जोरातच करा, कारण त्या बाजूला पकड कच्ची असते आणि काठी हातातून सुटू शकते.

जागेचं गणित भारतीय घराला धरून करा. दहा फुटी छत आणि त्याखाली लोंबणारा पंखा असेल तर घरात हा प्रकार नकोच. गच्ची चालते, पण कपड्यांच्या दोऱ्या, टाकीचे पाइप आणि डिशची तार आधी बघून घ्या. काठी सुटलीच तर ती बहुतेक लक्ष्याच्या दिशेने किंवा डावीकडे जाते, तेव्हा त्या बाजूला जिन्याच्या खोलीची उंच भिंत असू द्या, नुसता कठडा नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं खेळत असतील तर अजिबात नाही. गुडघ्यांवर बसून करायचे स्विंग काही कार्यक्रमांत येतात. फरशीवर ते जाड योगा मॅट घालूनच करा. चपला घालून फिरवू नका, पकड असलेले बूट हवेत.

मुंबईच्या दमट हवेत ग्रिप ओली होते आणि मग हात नकळत घट्ट आवळले जातात. आवळलेली मनगटं वेग मारतात. दोन्ही हातांत मोजे घाला, जवळ कोरडा पंचा ठेवा, सत्र संपल्यावर ग्रिप पुसून घ्या. पावसाळ्यात मोजे बॅगेत बंद ठेवले की आठवड्यात बुरशी धरते. टोकाची वजनं स्क्रूने बसवलेली असतील तर दर पंधरा दिवसांनी ती घट्ट आहेत ना ते बघा. फिरवताना बारीक खुळखुळ ऐकू आली तर लगेच थांबा. त्या वेगाने सुटलेला धातूचा तुकडा विनोदाचा विषय नाही.

आता खरी अडचण. काठीवरचा वेग आपोआप ड्रायव्हरवर येत नाही आणि ड्रायव्हरवर आलेला वेग आपोआप अंतरात उतरत नाही. एक हिशेब मांडतो. ९३ मैल वेगाने चेंडू बरोबर मधोमध लागला तर स्मॅश फॅक्टर (चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग) १.४८ मिळू शकतो, म्हणजे चेंडूचा वेग १३७.६ मैल. वेग वाढून ९८ झाला पण चेंडू हीलवर लागून स्मॅश १.४० वर घसरला, तर चेंडूचा वेग १३७.२. एवढ्या महिन्यांच्या मेहनतीनंतर चेंडू होता तिथेच, वर फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) चुकला तो वेगळा. फटका नीट लागला तर एका मैलामागे अडीच ते तीन यार्ड वाढतात, म्हणजे पाच मैलांना बारा ते पंधरा यार्ड. ट्रॅकमनच्या जुन्या सरासरीत एलपीजीए या व्यावसायिक महिला टूरवरच्या खेळाडूंचा वेग ९४ मैल आणि कॅरी (चेंडू जमिनीला टेकेपर्यंतचं हवेतलं अंतर) २१८ यार्ड आहे. तेवढाच वेग असलेले आपल्याकडचे किती पुरुष तेवढी कॅरी काढतात? त्या चेंडू मधोमध मारतात आणि ड्रायव्हरचं डोकं सरासरी ३ अंश वर जाताना मारतात, फरक तिथे आहे.

वेग वाढवताना चेंडू हीलकडे सरकतो याचं कारण ठरलेलं असतं. जोर लावायच्या नादात कंबर चेंडूच्या दिशेने पुढे ढकलली जाते, छाती उठते, हातांना जागा उरत नाही आणि ते बाहेरून येतात. हे तपासायला महाग काही लागत नाही. व्हाइटबोर्ड मार्करने चेंडूवर ठिपका काढा, ती बाजू फेसकडे (डोक्याच्या मारायच्या बाजूकडे) करून चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. ठिपका फेसवर उमटतो. दहा चेंडूंचे ठिपके एकाच बाजूला गेले तर त्या दिवशी वेग विसरा. टी इतकी उंच हवी की निम्मा चेंडू ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. रबरी टीची उंची ठरलेली असते आणि ती अनेकदा कमी पडते, मग खालून वर मारण्याची सवयच मोडते.

काठ्यांचं सत्र संपल्यावर लगेच, त्याच दिवशी, दहा-पंधरा चेंडू ड्रायव्हरने पूर्ण जोरात जाळीत मारा. दिशेची चिंता नको, रडार चालू हवं. हा टप्पा गाळला की काठीचे आकडे वर जात राहतात आणि ड्रायव्हरचा जागचा हलत नाही. ‘काठ्यांचा काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच अडलेलं असतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी साधे, ऐंशी-पंच्याऐंशी टक्के जोराचे फटके दिशेसाठी मारा. दोन्ही कामं चेंडूंच्या एकाच बादलीत उरकायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

अंतर मात्र रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मोजू नका. रेंजचे चेंडू झिजलेले आणि आखूड जाणारे असतात. कोर्सची तुलनाही जपून करा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत तोच फटका दोनेक टक्के लांब जातो. येरवड्याच्या पूना क्लबवरचा २३० यार्डांचा ड्राइव्ह समुद्रसपाटीजवळच्या मुंबईत, चेंबूरच्या प्रेसिडेन्सी कोर्सवर पाचेक यार्डांनी तोकडा पडला तर वेग गेला असं समजू नका. मे महिन्यात कडक फेअरवेवर चेंडू पळतो, जुलैत पडला तिथे रुततो, म्हणून हिशेब कायम कॅरीचा ठेवा.

तंत्रात दोनच गोष्टींनी ठळक फरक पडतो. एक, बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे वर नेताना) डावी टाच उचलू द्या. दिग्गज गोल्फपटू जॅक निकलसची टाच आयुष्यभर उचलली गेली, तेव्हा कुणी नाक मुरडायचं कारण नाही. चाळिशीनंतर नितंब आखडलेले असतात आणि टाच खिळवून ठेवली की वळणच निम्मं राहतं. दुसरी, वजन डाव्या पायावर बॅकस्विंग संपायच्या आधीच यायला लागलं पाहिजे. त्यासाठी पाय जुळवून उभं राहायचं, काठी वर जात असतानाच डावा पाय टाकायचा आणि मग फिरवायचं. हे जड काठीने करा, हलकीने तोल कळत नाही.

पाठीच्या खालच्या भागात, डाव्या बरगड्यांत किंवा उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर ‘अंग मोकळं होतंय’ म्हणून पुढे रेटू नका. बरगडीला ताणाने चीर पडणं गोल्फमध्ये नवीन नाही. पाठीचं जुनं दुखणं असलेल्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं. सुरुवातीच्या सोप्या वाढीनंतर पुढचे मैल ताकदीतूनच येतात: डेडलिफ्ट, उड्या, मेडिसिन बॉल भिंतीवर फेकणं, आठवड्यातून दोनदा. गोल्फपटू ब्रायसन डिशॅम्बोने अंग कमावून 2020 ची यूएस ओपन जिंकली तेव्हा सगळ्यांनी त्याच्या वजनाकडे बघितलं. 2022 ची जिंकणारा मॅट फिट्झपॅट्रिक मुळातच किरकोळ अंगाचा आणि तो ‘स्टॅक’ या वेगाच्या साधनावर सराव करणारा.

त्या स्टॅकबद्दल दोन शब्द. साशो मॅकेन्झी या बायोमेकॅनिक्सच्या अभ्यासकाचा त्यामागे हात आहे. एकच काठी, तिला लावायची पाच वजनं आणि रोज किती वजनाने किती स्विंग ते सांगणारं ॲप. स्वतः वही ठेवायचा कंटाळा असेल तर तो पर्याय बरा. वही ठेवणाऱ्याला तीन काठ्या पुरतात. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क धरून किंमत काढा. चार जणांत एक संच घेतला तरी चालतं, कारण आठवड्यात तीन अर्ध्या तासांपलीकडे कुणालाच तो लागत नाही.

अठरा होल शंभर फटक्यांत नियमित पूर्ण करू न शकणाऱ्या नवशिक्यांनी हे घेऊ नये. वेग वाढला की चुकीचा चेंडूही जास्त लांब जातो, आणि त्यांना शिकवणीचे पैसे जास्त कामी येतील. वेग ९५ च्या पुढे गेल्यावर रेग्युलर शाफ्टवर चेंडू उंच आणि डावीकडे जायला लागला तर क्लब बसवून देणाऱ्याकडे जाऊन स्टिफ (जास्त कडक) शाफ्ट मारून बघा, पण आकडा दोन-तीन महिने टिकल्याशिवाय खर्च करू नका. आणि आयर्नची (ग्रीनकडे मारायच्या क्लबांची) अंतरं पुन्हा मोजून घ्या. सात नंबरच्या आयर्नचा चेंडू पूर्वीपेक्षा अर्ध्या-एका क्लबाच्या अंतराने लांब जायला लागतो, आणि जुन्या अंतराच्या भरवशावर मारलेला चेंडू ग्रीनच्या मागच्या बंकरमध्ये सापडतो.